डोळ्यातला दाब दुखत नाही




आपल्यापैकी बरेच जण सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या नेत्रशिबिरांसाठी नियमाने वर्गणी देतात. काही जण सुट्टीच्या दिवशी स्वतः गाडी घेऊन येतात, नोंदवही सांभाळतात, आजी-आजोबांना हात धरून तपासणीच्या टेबलापर्यंत आणतात. त्यांनी मला अनेकदा विचारले आहे, “सिस्टर, चष्मा दिला, मोतीबिंदू काढला. मग काही लोकांना पुन्हा पुन्हा नाशिकला का बोलावता?” त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा पाठ. ते उत्तर मी शिबिरात नव्हे, माझ्या घरात शिकले. म्हणून आधी घरचे सांगते.

माझे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामाला होते. निवृत्त झाल्यावर रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचण्याचे काम बहुतेक वेळा त्यांच्याकडे असे. चष्मा लावून ते बारीक अक्षरही न अडखळता वाचत. पण पाठ संपवून खाली उतरताना पायरीवर त्यांचा पाय चुकू लागला. डाव्या बाजूने कोणी आले की ते धडकत. चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवत आणि तो खाली पडे. आई म्हणायची, “यांचं लक्ष कुठं असतं कुणास ठाऊक!” आम्ही भावंडे हसायचो. मी तेव्हा परिचारिका म्हणून नोकरी करीत होते. रोज किती जणांचे बीपी मोजत होते, पण बाबांना पुस्तकातले अक्षर दिसते म्हणजे त्यांचे डोळे चांगले, असेच मीही धरून चालले.

एका रविवारी त्यांना पुढच्या ओळीची सुरुवातच सापडेना. दवाखान्यात नेले, तेव्हा एका डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती आणि दुसऱ्या डोळ्याची फक्त मधली थोडी उरली होती. डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू आहे आणि तो बरीच वर्षे चालू आहे. बाबांनी विचारले, “ऑपरेशन केलं की परत दिसेल ना?” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “काका, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळू या.” बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “पण मला एकदाही दुखलं कसं नाही?”

बाबांचा हा प्रश्न आपण समजून घेऊ या.

दाब कसला?

आपल्या डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात आणि हा द्रव आत असतो. तो बाहुलीतून पुढे येतो, डोळ्याच्या पुढच्या भागाला पोसतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून निघून रक्तात मिसळतो. जेवढा तयार होतो तेवढाच बाहेर गेला, तर डोळ्याचा दाब ठीक राहतो. मोरीच्या जाळीत कचरा अडकला की नळ नेहमीइतकाच चालू असूनही पाणी तुंबते. डोळ्यातही बहुतेक वेळा असेच होते. द्रव जास्त तयार होत नाही, त्याची वाट अडते आणि दाब वाढतो.

हा दाब डोळ्याच्या मागच्या भिंतीवर, जिथून नस मेंदूकडे जाते तिथे पडतो. त्या नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात. दाबाने ते एकेक करून मरतात. सुरुवातीला बहुधा कडेचे दिसणे कमी होते, मधले शाबूत राहते. एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेली उणीव मेंदू सांभाळून घेतो. म्हणून माणसाला काळा डाग दिसत नाही, दुखत नाही आणि कळतही नाही. बाबा बारीक अक्षर वाचत होते आणि पायरी चुकत होते, त्याचे कारण हेच. मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. ते बदलले की नजर परत येते. काचबिंदूत नसच जाते. दोन्ही नावांत ‘बिंदू’ असल्यामुळे आपल्याकडे लोक एकाला दुसरा समजतात आणि ‘नंतर ऑपरेशन करू’ म्हणून वाट पाहतात. या गैरसमजापायी अनेकांचे डोळे जातात.

आकडा किती असावा?

डोळ्याचा दाब बीपीप्रमाणेच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण १० ते २१ हा नेहमीचा पट्टा मानला जातो. तपासणीला दोन-तीन मिनिटे लागतात. कुठे हवेचा हलका झोत डोळ्यावर सोडतात, कुठे थेंब टाकून बुबुळ बधिर करतात आणि छोटे यंत्र अलगद टेकवतात. बीपी नॉर्मल आहे म्हणून डोळ्याचा दाबही नॉर्मल असेल, असे मात्र समजू नये. हे दोन वेगळे दाब आहेत.

या आकड्याबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, तो दिवसभरात कमीजास्त होतो. एका दुपारी ठीक आला म्हणजे नेहमीच ठीक असतो असे नाही. दुसरी, बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते आणि जाड असेल तर जास्त. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, काहींची नस २१ च्या आतल्या दाबानेही खराब होते, तर काहींचा दाब २५ असूनही नस वर्षानुवर्षे चांगली राहते. म्हणून दाब मोजल्यावर डॉक्टरांनी डोळ्याच्या आत पाहून नस तपासणे आणि गरज वाटल्यास कडेची नजर यंत्रावर मोजणे आवश्यक असते. काही जणांना आपण पुन्हा नाशिकला बोलावतो ते याचसाठी. ही दुसरी तपासणी शाळेच्या व्हरांड्यात होत नाही.

दाब वाढला म्हणजे सगळे संपले असेही नाही. अमेरिकेत दाब जास्त पण नस चांगली असलेल्या सोळाशेहून अधिक लोकांची पाहणी झाली. २००२ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. थेंब न घेणाऱ्यांपैकी ५ वर्षांत ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे दाब कमी ठेवल्याने धोका निम्म्याहून खाली आला. आज तरी या आजारात आपल्या हातात असलेली मुख्य गोष्ट दाब हीच आहे.

धोका कोणाला अधिक?

१. वय ४० च्या पुढे गेलेल्यांना. जसे वय वाढते तसा धोका वाढतो.

२. ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे त्यांना. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांची तपासणी झाली. त्यांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याचा धोका सुमारे २२ टक्के आढळला, तर ज्यांच्या घरात कोणाला नव्हता त्यांना २ ते ३ टक्के.

३. ज्यांच्या डोळ्याचा दाब जास्त आहे किंवा बुबुळाचा पडदा पातळ आहे त्यांना.

४. लांबचे नीट न दिसणारा मोठा उणे नंबर असलेल्यांना. उलट, अधिक नंबरच्या लहान डोळ्यात जाळीचा कोपरा अरुंद असतो, तिथे वाट अचानक बंद होण्याची भीती असते. हा दुसरा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो.

५. मधुमेह असलेल्यांना.

६. ज्यांच्या डोळ्याला पूर्वी मार लागला आहे त्यांना. मार लागल्यावर कित्येक वर्षांनीही दाब वाढू शकतो.

७. स्टेरॉइडची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांना, विशेषतः डोळ्यांत थेंब टाकणाऱ्यांना.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे भारतात ४० वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे. तमिळनाडूतल्या खेड्यांत झालेल्या पाहणीत ज्यांना हा आजार सापडला, त्यांतल्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना तो आपल्याला आहे हे आधी ठाऊकच नव्हते. बाबा एकटे नव्हते.

पाड्यांवर आम्हाला काय दिसते

वरील यादी सगळीकडे सारखीच आहे. पण शिबिरांत तीन कारणे वारंवार समोर येतात आणि तिन्ही टाळता येण्याजोगी आहेत.

पहिले कारण, मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहणे. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची आजी डोके धरून आली. डोळा लालभडक, चार दिवस उलट्या. घरच्यांना वाटले पित्त झाले. तिला कोणीतरी सांगितले होते, “पिकला म्हंजे काढू.” ती दोन वर्षे वाट पाहत बसली. फार पिकलेले भिंग फुगते आणि द्रवाची वाट बंद करते किंवा त्यातून पाझरलेल्या घटकांनी जाळी तुंबते. त्या डोळ्याची नजर वाचली नाही. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन वेळेवर झाले आणि आता ती नातवंडांसाठी नागलीच्या भाकरी स्वतः थापते. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होते. आताच्या पद्धतीत मोतीबिंदू पिकावा लागत नाही. हे वाक्य प्रत्येक पाड्यावर पोहोचले पाहिजे.

दुसरे कारण, विचारल्याशिवाय टाकलेले थेंब. मुलांच्या डोळ्यांना खाज येते, डोळे लाल होतात. दुकानातून एक बाटली आणली जाते आणि दोन दिवसांत आराम पडतो. मग दर वेळी तीच बाटली. त्यात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपुरते ते उपयोगी असते. महिनोन्‌महिने टाकले तर काहींचा दाब वाढतो आणि शाळेत जाणाऱ्या मुलाचीही नस खराब होऊ शकते. घरातली जुनी बाटली शिबिराला घेऊन या, असे आम्ही आता आधीच सांगतो. दम्यासाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने बंद करू नये; डोळ्याचा दाब तपासून घ्यावा.

तिसरे कारण, डोळ्याचा मार आणि सिकलसेल. लाकूड फोडताना उडालेली ढलपी, गलोलीचा खडा, बैलाचे शिंग यांनी डोळ्याला मार लागतो आणि कधी बुबुळामागे रक्त साचते. आपल्या आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो, हे आपणांस माहीत आहेच. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. सिकलसेलच्या रुग्णाच्याच नव्हे, तर नुसत्या वाहकाच्याही डोळ्यात रक्त साचले तर त्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात व जाळीत अडकतात. अशा माणसाच्या नसेला थोडा वाढलेला दाबही सोसत नाही. शिवाय दाब उतरवणारी काही औषधे त्यांना जपून द्यावी लागतात. म्हणून डोळ्याला मार लागून रक्त दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि सिकलसेल तपासणीचे कार्ड डॉक्टरांना न विचारता आधी दाखवावे.

उपचार म्हणजे रोजची शिस्त

काचबिंदू पूर्ण बरा होत नाही, पण बहुतेकांच्या बाबतीत तो थोपवता येतो. त्यासाठी थेंब, लेसर किंवा ऑपरेशन असते. बहुतेकांना थेंब पुरतात, पण ते रोज, ठरलेल्या वेळी आणि बहुधा आयुष्यभर टाकावे लागतात. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबावा. दोन औषधे असतील तर मध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. उघडलेली बाटली साधारण महिन्यानंतर वापरू नये. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण टिमोलॉलसारखे थेंब दमेकऱ्याला चालत नाहीत.

थेंब घेऊन नजर सुधारल्यासारखे वाटत नाही. म्हणूनच लोक ते सोडतात. पाड्यांवर आणखी एक अडचण आहे. भाताची कापणी झाली की घरेच्या घरे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. बाटली संपते, मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाणार? म्हणून आता आमच्या नोंदवहीत गावाबरोबर ‘कामाला कुठे जाता’ हा रकानाही आहे. आपल्या वर्गणीतून त्यांना तिथे बाटल्या पोहोचवल्या जातात. चष्म्याचे वाटप फोटोत चांगले दिसते. एका माणसाला वर्षभर थेंब पुरवल्याचा फोटो निघत नाही, पण त्याची नजर टिकते.

एक धोक्याची खूण मात्र लगेच ओळखावी. डोळ्यात व डोक्यात भयंकर दुखणे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे, धूसर दिसणे, उलटी आणि डोळा लाल होणे, हे एकत्र आले तर ते पित्त समजू नये. दाब अचानक वाढल्याची ही लक्षणे असतात. त्या वेळी तासातासाला महत्त्व असते.

घरचा प्रश्न

बाबांचा आजार कळला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही तपासणीला यायला सांगितले होते. मी गेले. काही वर्षांनी माझाही दाब वाढलेला निघाला, तेव्हापासून रोज रात्री थेंब टाकते. नजर शाबूत आहे. माझा धाकटा भाऊ मात्र टाळत राहिला. तो टेम्पो चालवतो, रात्री-बेरात्री मुंबईला माल नेतो. म्हणायचा, “ताई, मला सगळं दिसतं. उगाच काही निघालं तर धंदा बंद होईल.” मी रागावले, विनवले, मग बोलणे सोडले.

गेल्या वर्षी शिबिराला गाडी मिळेना, म्हणून त्याचा टेम्पो बोलावला. तो दिवसभर झाडाखाली बसून होता. त्या लाल डोळ्याच्या आजीला त्यानेच उचलून टेम्पोत बसवले आणि नाशिकला पोहोचवले. पुढच्या शिबिराला तो न बोलावता आला. संध्याकाळी सामान आवरताना माझ्यासमोर स्टूलवर बसला आणि म्हणाला, “बघ बाई एकदाचं.” दाब १९ आला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पण डॉक्टरांनी आत पाहिले आणि नाशिकला यायला सांगितले. तिथल्या तपासणीत डाव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेलेली निघाली. दाब ‘नॉर्मल’ असूनही.

तो अजून टेम्पो चालवतो. डॉक्टरांनी तपासून तशी परवानगी दिली आहे. दर सहा महिन्यांनी स्वतःहून तपासणीला जातो. मात्र आणखी पाच वर्षे तो टाळत राहिला असता तर काय झाले असते, हे मी बाबांच्या बाबतीत पाहिले आहे.

म्हणून या पाठाचा सारांश एवढाच: दुखण्याची वाट पाहू नका, नुसत्या आकड्यावर विसंबू नका आणि ज्याला काचबिंदू आहे त्याच्या भावंडांना व मुलांना सोबत न्या.

विचार व कृतीसाठी

१. आपल्या घरात कोणाची नजर ‘म्हातारपणाने’ गेली असे आपण म्हणतो? ते नेमके काय होते, हे कोणी तपासले होते का?

२. आपल्या मंडळीत ४० वर्षांवरील किती जणांनी डोळ्याचा दाब आणि नस तपासून घेतली आहे? मार्च महिन्यात जागतिक काचबिंदू सप्ताह असतो. त्या वेळी एका रविवारी उपासनेनंतर सर्वांनी मिळून तपासणीला जाता येईल का?

३. घरातल्या कपाटात डोळ्यांच्या थेंबांची जुनी बाटली आहे का? तिच्यावरचे नाव आजच वाचा.

४. वर्गणी देताना एका चष्म्याबरोबर एका रुग्णाच्या वर्षभराच्या थेंबांचाही विचार करता येईल का?

५. ज्या भावाला किंवा बहिणीला आपण सांगून थकलो आहोत, त्यांना पुन्हा एकदा कसे सांगावे?

आपली,
शिबिरातली सिस्टर